सात मिनिटं पुढे

काकांच्या घरातली सगळी घड्याळं सात मिनिटं पुढे असत, आणि ही गोष्ट घरातल्या दोघांनाही माहीत होती. मग पुढे ठेवायचीच कशाला, असं कोणी विचारलं असतं तर काकांना उत्तर जमलं नसतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी ती गुपचूप पुढे केली होती, कारण काकू कुठेच वेळेवर पोहोचत नसत. निघायच्या वेळी त्या चपला घालून दारात उभ्या राहत आणि समोरच्या भिंतीवरून सरकणाऱ्या उन्हाकडे बघत बसत. चारच दिवसांत काकूंनी ही लबाडी ओळखली, पण बोलल्या नाहीत. त्यांनी ती सात मिनिटं सरळ आपल्या नावावर करून घेतली. भिंतीवरच्या घड्याळात निघायची वेळ झाली की त्या चहाचा कप घेऊन खिडकीशी बसत आणि सात मिनिटं काहीही करत नसत. फसवणारा एक आणि फसणारं कोणीच नाही, असा हा संसार एकतीस वर्षं सुरळीत चालला होता.

काका घड्याळं दुरुस्त करत. सगळी गल्ली त्यांना घड्याळकाका म्हणे. एका जिन्याखाली त्यांचा गाळा होता, पलंगाएवढा रुंद. आत एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि भिंतीभर टिकटिक. काकांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र अगदी बरोबर असे, कारण तो धंद्याचा भाग होता. म्हणजे भिंतीवर एक वेळ आणि मनगटावर दुसरी, आणि मध्ये सात मिनिटांचं अंतर. हे अंतर दिसलं की काकांना सगळं जागच्या जागी आहे असं वाटे. पुढे जे काही झालं ते या सवयीपायी झालं, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

काकूंच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवलं. आठ दिवस त्या तिथे होत्या. त्या आठ दिवसांना कडा नव्हत्या. खिडकीचे पडदे फिकट होते, त्यातून दुपार आत झिरपायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच रेंगाळायची. ऑक्सिजनचा बारीक आवाज येत राही. काका खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेत आणि जागे झाल्यावर आपण सकाळी झोपलो होतो की काल, हे त्यांना कळत नसे. काकू तापात डोळे मिटून बोलत.

"मी एका लांब रस्त्याने चाललेय," त्या म्हणत. "दुकानं बंद आहेत सगळी, पण आत दिवे आहेत."

काका विचारत, मग? काकू म्हणत, मग काही नाही, छान आहे. हे छान ऐकलं की काका खुर्ची पलंगाजवळ ओढत. मग त्या विचारत, किती वाजले, आणि काका मनगटाकडे बघून सांगत.

मनगटाकडे, कारण पलंगासमोरच्या भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. साडेपाचला थांबलं होतं. कुठल्या दिवशीच्या, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आता सांगा, ज्याने आयुष्यभर घड्याळं चालू केली त्याने बंद घड्याळासमोर आठ दिवस कसं बसायचं? दोन दिवस काकांनी दम धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सेल बदलून झालाय, ते मेलंय, काय करायचं ते करा. काकांनी स्टूल घेतलं आणि घड्याळ उतरवलं. आतला पत्रा गंजला होता आणि चाकात धुळीचा कण होता. दहा मिनिटांचं काम. झाकणाच्या आत त्यांनी सुईच्या टोकाने तारीख आणि आपली छोटी खूण कोरली, कुठलंही घड्याळ दुरुस्त केलं की कोरत तशी. घड्याळ भिंतीवर लावलं, मनगटावरची वेळ पाहिली, काटे फिरवले आणि खुर्चीत येऊन बसले. किती तरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

पाचव्या दिवशी दुपारी काकूंचा श्वास अडकला. डॉक्टर धावत आले, पलंगाभोवती पडदा ओढला गेला आणि काकांना बाहेर काढलं गेलं. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि समोरच्या फरशा मोजत राहिले. फरशा संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. मग सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, थांबल्या हो त्या. काकांना आधी थांबल्या म्हणजे काय तेच समजेना. मग समजलं, गेल्या नाहीत, इथेच थांबल्या, तेव्हा ते फरशीवरच बसले.

सोमवारी काकूंना घरी सोडलं. दुपारी बाराच्या आत पलंग रिकामा केला तर त्या दिवसाचे पैसे लागत नाहीत, असा तिथला नियम होता. काकांनी सकाळपासून घाई लावली होती. काकू मात्र शेजारच्या पलंगांवरच्या सगळ्यांचा निरोप घेत बसल्या, मग खिडकीशी उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, पडदा किती छान हलतोय बघा. शेवटी दारातून बाहेर पडताना काकांनी मनगट पाहिलं. बाराला तीन मिनिटं होती. त्यांचा जीव भांड्यात पडला.

उरलेलं बिल आठवड्याभरात मिटवतो, असं लिहून देऊन ते निघाले होते. आता त्या बिलाचं सांगायला हवं, कारण काकांची झोप त्यात गेली. डोक्यावर आधीची देणी होतीच. गाळ्याच्या काचेसाठी काढलेल्या कर्जाचा बँकेचा हप्ता होता. मेव्हण्याने हॉस्पिटलची पहिली रक्कम भरली होती. तो मागत नव्हता, पण फोनवर हल्ली जरा जास्तच प्रेमाने बोलायचा. आणि गाळ्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं, बारा हजार. गाळ्याचा मालक कधी आवाज चढवत नसे आणि काकांना त्याचीच धास्ती होती. शुक्रवारपर्यंत द्या, तो म्हणाला होता, नाहीतर शेजारचा मोबाइलवाला गाळा मागतोय, मी त्याला हो म्हणतो. गाळा गेला की टेबल गेलं, टेबल गेलं की सगळी देणी जागच्या जागी आणि फेडणारा रस्त्यावर. काकांनी इकडून तिकडून, दोन जुनी घड्याळं विकून, हप्ता भरून, हातात तीस हजार उरवले होते.

बिल पाहून दुसरा माणूस हबकला असता. काकांनी ते घरी टेबलावर पसरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. बंद घड्याळ ते नेहमी असंच उघडत, एकेक भाग पांढऱ्या कापडावर, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. मंगळवारी ते हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, मला एकेक वस्तू वेगळी लिहून द्या. खिडकीतल्या बाई शांत होत्या, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेल्या. त्यांनी चार पानं काढून दिली. एक एक्सरे दोनदा लागला होता. परत केलेल्या औषधांचे पैसे वजा झाले नव्हते. काकांनी भांडण केलं नाही, नुसतं बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावला, पाहिलं आणि खोडलं. मग त्याच म्हणाल्या, सवलतीचा अर्ज करा, मी वर पाठवते. काकांनी कमाईच्या रकान्यात खरा आकडा लिहिला आणि त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. बुधवारी सकाळी मंजुरी आली: अठरा हजार आत्ता, बाकीचे सहा हप्त्यांत.

अठरा आणि बारा, तीस. मागे काही उरत नव्हतं, पण बसत होतं. काका पैसे काढायला लागले तोच बाई म्हणाल्या, थांबा, नवव्या दिवसाचे सात हजार वेगळे आहेत, ते अर्जात नव्हते, ते आजच्या रकमेबरोबर भरावे लागतील, नाहीतर सवलतीवर शिक्का बसणार नाही.

काका म्हणाले, कसला नववा दिवस? आम्ही बाराच्या आत निघालो. मी घड्याळ पाहिलंय आणि घड्याळ पाहण्यात माझी चूक होत नाही. बाईंनी वॉर्डाची वही मागवली आणि खिडकीतून त्यांच्याकडे वळवली. काकूंच्या नावापुढे मोठ्या सिस्टरांच्या अक्षरात वेळ होती. बारा वाजून चार मिनिटं.

काकांच्या मागे एक माणूस उभा होता, त्याच्या लेकीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. तो म्हणाला, आम्हालाही तेच, बारा वाजून दोन मिनिटं, आणि मी शपथेवर सांगतो की बारा वाजायचे होते. काकांनी वहीतला आकडा पुन्हा पाहिला. मग मनगट पाहिलं. सिस्टर वेळ कुठे बघून लिहितात, त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, भिंतीवरच्या घड्याळात, आणखी कुठे.

काका बाजूच्या बाकावर जाऊन बसले. माणसं जात-येत होती, नावं पुकारली जात होती, पण त्यांना सगळं पाण्याखालून ऐकू यावं तसं येत होतं. चार वजा सात. त्यांनी डोळे मिटले तर समोर ती भिंत आली, ते स्टूल आणि आपलाच हात, काटे फिरवणारा. मनगटावरच्या वेळेपुढे सात मिनिटं. विचारसुद्धा केला नव्हता. आणि नंतरचे सहा दिवस रोज दोन्ही घड्याळं डोळ्यांसमोर असून अंतर खटकलं नव्हतं, कारण अंतर असलं की त्यांना घरी असल्यासारखं वाटत होतं.

ते तसेच घरी आले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं, तोंड चोरत, शाळेतून तक्रार घेऊन आलेल्या पोरासारखं. काकू हसायला लागल्या आणि हसता हसता खोकल्या. काका पाणी आणायला उठले तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"ते घड्याळ पुढे आहे ते."

"मग निघताना बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

काका कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले की आता सांगायला गेलो तर म्हणतील, हॉस्पिटलच्या वस्तूला हात लावलास, दंड भर. आणि नाही सांगितलं तर सात हजार भरा आणि गाळ्याला रामराम करा. दोन्हीकडून मार. मेव्हण्याकडे पुन्हा तोंड वेंगाडणं हा तिसरा रस्ता होता, तो दोघांनीही उच्चारला नाही. काकू खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या उन्हाकडे बघत राहिल्या.

"त्या लेकीच्या बापाचं काय?" त्यांनी विचारलं.

 काकांच्या मनात हिशेब सुरू झाला. ते घड्याळ अजून चालू होतं. बाराच्या आधीच्या सात मिनिटांत जो कोणी त्या दारातून बाहेर पडेल त्याच्या खिशातून आपण सात हजार काढतोय, रोज, घरी बसून.

"उद्या जा," काकू म्हणाल्या. "आणि कुणी कामाचा भाव विचारला तर मान खाली घालू नका. तुम्ही दीडशे म्हणता आणि वर माफी मागता."

भावाचा काय संबंध, असं काकांना वाटलं. पण आजारी माणसाशी वाद घालू नये म्हणून त्यांनी मान डोलावली.

गुरुवारी खिडकी उघडायच्या आधीच ते बाहेर उभे होते. त्यांनी सगळं एका दमात सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि खिडकीवर पाटी लटकवून त्यांच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर गेल्या. काकूंच्या पलंगावर आता दुसरंच कोणी झोपलं होतं. पडदा तसाच हलत होता, आणि काकांना क्षणभर वाटलं की आपण अजून त्या खुर्चीतच आहोत, मधले तीन दिवस डुलकीत पडलेलं स्वप्न आहे. बाईंनी आपला मोबाइल घड्याळाशेजारी धरला. सात मिनिटं. काकांनी घड्याळ उतरवून झाकण उघडलं आणि आतली तारीख दाखवली.

मोठ्या सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत होत्या. आता आपली धडगत नाही असं काकांनी गृहीत धरलं.

"तरीच," सिस्टर म्हणाल्या. "आठ दिवस झाले, मला घरी जाताना बस मिळतेय."

वही तपासली. त्या तारखेपासून बारा ते बारा सातच्या दरम्यान पाच नावं निघाली, काकूंचं धरून. बाई वही आणि काकांना घेऊन हिशेबाच्या साहेबांकडे गेल्या. साहेब सभ्य होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की चौघांचे पैसे परत करू, आजच फोन लावा. तुमचं मात्र नाही जमणार, घड्याळ तुम्ही पुढे केलंत, ते तुमच्याच खात्यावर.

खरं सांगायचं तर काकांना ते पटलं. चूक आपली, भुर्दंड आपल्याला, यात वाकडं काही नव्हतं. ते मान हलवून उठणारच होते. गाळ्यातली घड्याळं कुठे ठेवायची, पलंगाखाली मावतील का, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. उठताना सवयीने त्यांची नजर साहेबांच्या मागच्या भिंतीवर गेली. नऊला वीस कमी. बंद. मग त्यांना आठवलं की येताना जिन्याशी एक बंद होतं, औषधांच्या काउंटरवर एक, एक्सरेच्या दाराशी एक. आठ दिवस याच इमारतीत फिरताना ती सगळी त्यांनी पाहिली होती आणि मोजलीही होती, मोजायचं न ठरवता.

"साहेब, तुमच्याकडे एकोणीस घड्याळं बंद किंवा चुकीची आहेत," काका म्हणाले. "मी सगळी चालू करतो. बरोबर वेळेवर."

साहेबांनी मागे वळून आपलं घड्याळ पाहिलं, जणू ते आत्ताच तिथे उगवलं होतं. मग ते म्हणाले, सध्या तशी गरज नाही. तेव्हा बाई मध्ये पडल्या. खिडकीवर रोज भांडणं होतात ती वेळेवरूनच होतात, त्या म्हणाल्या, ऑक्सिजनचे तास, खोलीचे दिवस, सगळं भिंतीवर बघून लिहितात, आणि शिव्या मी खाते. साहेबांनी काकांना भाव विचारला.

काकांची मान खाली जायला लागली होती. ती त्यांनी निम्म्यावर थांबवली.

"एका घड्याळाचे चारशे. एकोणीसचे सात हजार सहाशे."

काकांनी दीडशे म्हटलं नाही आणि माफीही मागितली नाही; एवढं अवसान त्यांनी कुठून आणलं ते त्यांचं त्यांनाच माहीत. साहेब म्हणाले, सात हजार, आणि नववा दिवस मिटला. काकांनी वरचे सहाशे सोडले. बाईंनी अठरा हजार घेतले, सवलतीच्या कागदावर शिक्का मारला आणि कागद खिडकीतून सरकवताना म्हणाल्या की माझ्या आईचं जुनं मनगटी घड्याळ बंद पडलंय घरी, ते बघाल का. काका म्हणाले, बघतो, त्याचे पैसे नकोत.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काका स्टूल घेऊन मजल्यामजल्यावर फिरले. एकेक घड्याळ उतरवायचं, झटकायचं, तारीख कोरायची, मनगट बघायचं, लावायचं. प्रत्येक वेळी हात आपोआप पुढे जाई आणि काका त्याला मागे ओढत. सगळी चालू झाली तेव्हा लांब व्हरांड्यात एकाच वेळी एकच टिकटिक ऐकू येत होती, आणि खुर्च्यांवर पेंगणारी माणसं जराशी हलून पुन्हा पेंगली. शुक्रवारी चार वाजता त्यांनी गाळामालकाच्या हातावर बारा हजार ठेवले. मालक हळू आवाजात म्हणाला, काही घाई नव्हती हो.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, स्टूल ओढलं आणि थेट भिंतीवरच्या घड्याळापाशी गेले. सात हजारांची अद्दल घडली होती. कानाला खडा लावायचा तर आजच. त्यांनी काट्याला बोट लावलं.

"काय करताय?" पलंगावरून काकूंनी विचारलं.

"बरोबर लावतोय. पुरे झाला हा खेळ."

"राहू द्या."

काका बोट काट्यावर ठेवून उभेच राहिले. काकूंनी त्यांना खाली उतरायला सांगितलं. मग त्या सांगू लागल्या, सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत. पाचव्या दिवशीची दुपार. तो लांब रस्ता, बंद दुकानं, आतले दिवे. त्या चालत होत्या आणि रस्ता संपत आला होता.

"टोकाला घड्याळ दिसलं," काकू म्हणाल्या. "चार वाजून दहा मिनिटं. मला वाटलं, झालं, निघायची वेळ झाली. मग म्हटलं, हे घड्याळ तर बंद होतं. चालू झालंय म्हणजे ह्यांनीच केलंय. आणि ह्यांनी केलंय म्हणजे अजून सात मिनिटं आहेत. मग मी तिथेच बसले."

काकांना सिस्टरांचं बोलणं आठवलं. थांबल्या हो त्या. त्यांना काही तरी म्हणायचं होतं, पण रडू यायचं ते आलंच. काकूंनी त्यांना रडू दिलं.

मग काकांनी स्टूल जागेवर ठेवलं आणि चहा टाकला. भिंतीवर सहा वाजले होते. दोघं कप घेऊन खिडकीशी बसली, ऊन समोरच्या भिंतीवरून सरकत होतं, आणि सहा वाजायला अजून अवकाश होता.